कोकणातलं डिझेल मोटरहोम: देखभाल आणि बिघाड, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठं मोटरहोम घेऊन कोकणात राहणारे, आणि सुट्टीला मुंबई-पुण्याहून घाट उतरून येणारे, वर्षभर जे विचारत राहतात त्यातलं निवडून इथे एकत्र केलं आहे. तेच ते पुन्हा लिहायला नको म्हणून जिथे विषय दुसरीकडे आला आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. इथलं उत्तर आणि तुमच्या गाडीचं कंपनीचं पुस्तक जुळत नसेल, तर पुस्तक खरं धरा.

१. आमची गाडी टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली आहे, बसच्या चासीवर नाही. हे सगळं आम्हालाही लागू आहे का?

इंजिन, डिझेल, गंज, छत, पाणी, गॅस हे जसंच्या तसं लागू. फरक दोन ठिकाणी पडतो. लहान गाडीला बहुतेक वेळा १२ व्होल्टची वायरिंग आणि ऑइलचे ब्रेक असतात. बसच्या चासीवरच्या गाडीला २४ व्होल्ट आणि हवेचे ब्रेक. बॅटरीचे आकडे खाली १२ व्होल्टचे दिले आहेत, २४ ची गाडी असेल तर दुप्पट करा. ब्रेकचा फरक प्र. ३, १० आणि ११ मध्ये आहे.

देखभालीचं नसलं तरी सारखं विचारलं जातं म्हणून इथेच सांगतो: गाडीचं सामान-माणसांसकट एकूण वजन ७,५०० किलोच्या वर नोंदलेलं असेल तर कारचं लायसन्स चालत नाही. आरसीवरचा आकडा बघा, विकणाऱ्याने तोंडी सांगितलेला नको.

२. पुस्तकात वीस हजार किलोमीटरला ऑइल बदला असं आहे. आमची गाडी वर्षाला तीन हजारच धावते. म्हणजे सहा वर्षं बघायला नको ना?

बघायला हवं. त्याच पानावर बहुतेक वेळा ‘किंवा बारा महिने, जे आधी होईल ते’ असं लिहिलेलं असतं. ती ओळ कोणी वाचत नाही. उभ्या गाडीच्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेले आम्लाचे अंश आणि दमट हवेचं पाणी तसंच राहतं, आणि बेअरिंगं त्यात महिनोन्‌महिने बसून असतात. वर्षातून एकदा ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, आणि ते मे महिन्यात बदला. दिवाळीत नको. म्हणजे पावसाळ्याचे चार महिने इंजिन ताज्या ऑइलवर उभं राहतं.

डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ गाडीला कमी राखेचं, सीके-४ दर्जाचं किंवा पुस्तकात दिलेल्या दर्जाचंच ऑइल लागतं. गावच्या दुकानात पिंपातून मोजून मिळणारं ऑइल ट्रॅक्टरला चालत असेल, या गाडीला नाही. ऑइलचे ब्रेक असतील तर ब्रेक ऑइलही दर दोन वर्षांनी पूर्ण बदला, ते हवेतली ओल ओढून घेतं.

३. जूनमध्ये गाडी लावली की थेट गणपतीला काढणार. लावण्याआधी काय काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि यायलाच हवा. कोकणात मोटरहोमचं नुकसान धावून होतं त्यापेक्षा उभं राहून जास्त होतं. पावसात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाणी पडतं, हवा सतत ओली असते, आणि गाडीत प्लायवूड, फोम, वायर आणि पत्रा एकमेकांना चिकटून असतात.

डिझेलची टाकी काठोकाठ भरून ठेवा. अर्ध्या टाकीत वरची अर्धी दमट हवा असते, ती रात्री थंड पडली की आतल्या पत्र्याला घाम येतो आणि ते पाणी तळाशी जातं (पुढचं प्र. ८ मध्ये). टायरमध्ये पुस्तकाप्रमाणे पूर्ण हवा भरा. जमीन मातीची असेल तर चाकांखाली जाड फळ्या ठेवा, नाहीतर ऑगस्टपर्यंत एक बाजू खचलेली दिसेल.

पाण्याच्या टाक्या रिकाम्या करून झाकणं उघडी ठेवा. फ्रिज पुसून दार किंचित उघडं. गाद्या भिंतीपासून सुट्या, उभ्या. कपाटांची दारं उघडी. कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे मिळतात, ते ठेवा आणि भरले की ओता; चार महिने एकच डबा पुरत नाही. सुकं अन्न सगळं बाहेर काढा, काजूगराची एक पुडीसुद्धा राहू देऊ नका. उंदीर त्या पुडीसाठी येतो आणि वायरिंग कुरतडून जातो.

ताडपत्री गाडीच्या अंगावर घट्ट बांधू नका. आत वाफ कोंडते, आणि वाऱ्याने ताडपत्री घासून रंग जातो तो वेगळा. ताडपत्री असेल तर वर सांगाड्यावर, दोन्ही बाजू मोकळ्या.

हँडब्रेकचं थोडं बारकाईने बघा. ऑइलचे ब्रेक असतील तर सपाट जागेवर चाकांना पुढून-मागून ओट (चाक अडवणारे ठोकळे) लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि हँडब्रेक सोडून ठेवा; ओढून ठेवला तर लाइनर ड्रमला चिकटतात. हवेच्या ब्रेकला हे जमत नाही, कारण हवा उतरली की मागचे स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात. अशी गाडी महिन्यातून एकदा दहा-वीस फूट पुढे-मागे करायची. पहिल्या धक्क्याला चाक सुटताना ‘खट्’ असा आवाज येईल, घाबरू नका. दोनदा प्रयत्न करूनही चाक सुटलं नाही तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, मिस्त्रीला बोलवा.

झाडाखाली लावू नका. नारळ पडला तर छताचं फायबर आणि सोलर पॅनल दोन्ही जातं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात माडा-पोफळींचं काय झालं ते आठवा.

४. उभी असली तरी दर रविवारी दहा मिनिटं स्टार्ट ठेवतो. तेवढं पुरतं का?

उलट नुकसान होतं. जागेवर दहा मिनिटांत मोठं डिझेल इंजिन नीट तापतच नाही. सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी धरतं, डीपीएफमध्ये काजळी भरते, आणि सेल्फने घेतलेला करंटसुद्धा बॅटरीत पूर्ण परत जात नाही. महिन्यातून एकदा काढा, पण अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवून आणा: तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येईपर्यंत आणि त्यानंतर थोडं. ते जमणार नसेल तर (हवेच्या ब्रेकची गाडी प्र. ३ प्रमाणे हलवण्यापुरती सोडून) अजिबात स्टार्ट करू नका, बॅटरी सुटी करून प्र. १५ प्रमाणे सांभाळा.

५. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर आहे. गंज कुठून सुरू होतो, आणि थांबवायचा कसा?

दिसतो तिथून सुरू होत नाही. बाहेरचा रंग चकचकीत असतानाच तो आत लागलेला असतो: पायरीच्या खालचा पत्रा, बॅटरीच्या खोक्याचा तळ, चाकांच्या कमानीच्या आतल्या कडा, पाटे आणि त्यांचे यू-बोल्ट, सायलेन्सरचे हँगर, डिझेल टाकीचे पट्टे. टाकीचा पट्टा आणि टाकी यांच्यामध्ये रबराची पट्टी असते, तिच्याखाली ओल बसून राहते. पट्टा वरून काळा आणि ठणठणीत दिसतो, स्क्रूड्रायव्हरने कड उचलली की खपली हातात येते. मे महिन्यात प्रत्येक पट्टा असा तपासाच.

दुसरी जागा म्हणजे अर्थिंगचे बोल्ट. चासीला जिथे काळी वायर कसलेली असते तिथे हिरवट-पांढरी भुकटी जमते आणि मग कधी दिवे मंद, कधी सेन्सरचा खोटा दिवा, कधी सेल्फ गप्प. अर्धे ‘गूढ’ बिघाड इथेच सापडतात. बोल्ट खोला, सँडपेपरने पत्रा आणि लग दोन्ही चकाकवा, कसा, आणि कसल्यावर वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावा. आधी ग्रीस आणि मग कसणं, असं नको.

धुण्याचं म्हणाल तर किनाऱ्याजवळ राहणाऱ्याने पंधरवड्याला खालून गोड्या पाण्याने धुवावं, आणि किनाऱ्यावरून परतल्यावर त्याच दिवशी. प्रेशर थेट वायरच्या कनेक्टरवर, बेअरिंगच्या सीलवर आणि रेडिएटरच्या जाळीवर मारू नका. कोटिंग करायचं तर आधी गंज घासून, प्राइमर मारून, पूर्ण वाळवून. ओल्या गंजावर काळं डांबरी कोटिंग मारलं की गंज दिसायचा बंद होतो, वाढायचा नाही.

नट-बोल्ट बदलताना स्टेनलेस ३१६ मागा. ३०४ ला खाऱ्या वाऱ्यात तपकिरी डाग पडतात. ॲल्युमिनियमच्या बॉडीत स्टेनलेसचा बोल्ट बसवताना मध्ये नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर बोल्ट शाबूत राहतो आणि भोवतालचं ॲल्युमिनियम पीठ होतं. हे सामान मोटारीच्या दुकानात शोधत बसू नका. हर्णे, मिरकरवाडा, मालवण अशा मच्छीमारी बंदरांजवळ होड्यांचं सामान विकणारे असतात, त्यांच्याकडे मिळतं.

६. मिस्त्री म्हणतो, खालून जळकं ऑइल मारा, गंज लागत नाही. मारू का?

नको. जळक्या ऑइलने बुश, होज, बूट अशी रबरं फुगतात, त्यावर धूळ आणि वाळू चिकटून थर जमतो, आणि थराखाली ओल तशीच राहते. पावसात ते धुऊन अंगणात आणि तिथून विहिरीत जातं. मेणासारखा थर देणारं कॅव्हिटी वॅक्स थोडं महाग पडतं, पण बंद बॉक्स सेक्शनमध्ये आतून मारता येतं. जळक्या ऑइलला ते जमत नाही.

७. ओहोटीला वाळू कडक असते, तेव्हा गाडी पाण्याजवळ नेली तर?

नेऊ नका. बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी नेण्यास बंदी आहे, तो भाग वेगळा. पाच-सात टनांच्या गाडीला वरून कडक दिसणारी वाळूसुद्धा पुरत नाही, आणि मागे दुहेरी चाकं असली की ती स्वतःचा खड्डा स्वतः खणतात. रुतलीच तर रेस वाढवू नका. माणसं उतरवा, चाकांपुढची वाळू हाताने काढा, टायरची हवा निम्म्यापर्यंत उतरवा, चाकाखाली फळ्या किंवा झावळ्या घाला, आणि दुसऱ्याच गिअरमध्ये क्लच अलगद सोडा. पुढची भरती किती वाजता आहे हे आधी विचारा. तेवढाच तुमचा वेळ. बाहेर आल्यावर हवा भरल्याशिवाय डांबरावर पळवू नका.

८. डिझेल फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा सारखा लागतो. पंपवाल्याने फसवलं का?

कधीकधी, पण बहुतेक वेळा पाणी तुमच्याच टाकीत तयार झालेलं असतं (प्र. ३). वॉटर सेपरेटरच्या तळाचा कान सैल करून पारदर्शक बाटलीत काढा. पाणी खाली बसतं, डिझेल वर तरंगतं, रेघ स्पष्ट दिसते. रेघेवर तपकिरी-काळा शेवाळासारखा तवंग असेल तर ती जंतूंची वाढ आहे. पाणी आणि डिझेल जिथे मिळतात तिथे ती होते, आणि दमट, उबदार कोकणात जोरात होते. मग फिल्टर कितीही बदला, पुन्हा पुन्हा चोंदणार. टाकी उतरवून तळ साफ करावा लागतो, त्यानंतर डिझेलचं बायोसाइड पुस्तकातल्या मात्रेत.

डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा जुना उपाय कॉमन रेल (खूप दाबाने डिझेल फवारणाऱ्या नव्या) गाडीत करू नका. तिचा हाय प्रेशर पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो.

९. डिझेल पूर्ण संपलं. भरलं, तरी स्टार्ट होत नाही.

लाइनमध्ये हवा धरली आहे. फिल्टरवर हाताने दाबायचा प्रायमर असेल तर तो कडक होईपर्यंत मारा. प्रायमर इलेक्ट्रिक असेल तर चावी चार-पाच वेळा ऑन-ऑफ करा, प्रत्येक वेळी थोडं थांबून. मग सेल्फ दहा-पंधरा सेकंदांच्या वर सलग नको. मध्ये मिनिटभर विश्रांती.

जुन्या गाड्यांत इंजेक्टरचा पाइप सैल करून हवा काढत. कॉमन रेलमध्ये तसं करू नका, कोणी सुचवलं तरी. त्या पाइपात हजार बारच्या वर दाब असतो. धार कातडीतून आत शिरते आणि बोट कापावं लागण्यापर्यंत वेळ येते.

१०. घाट उतरताना ब्रेकचा जळका वास येतो आणि पेडल खाली जातं. लाइनर बदलले, तरी तेच.

दोष लाइनरमध्ये असण्यापेक्षा उतरण्याच्या पद्धतीत असण्याची शक्यता जास्त. आंबा, कुंभार्ली, करूळ, फोंडा, आंबोली: यातला कुठलाही घाट मोटरहोमने उतरताना ब्रेक हा वेग राखण्यासाठी नाही, वेग तोडण्यासाठी आहे. वेग गिअरने राखायचा. ज्या गिअरने तो घाट चढला असता त्याच, किंवा एक खालच्या गिअरमध्ये उतरा, आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधी टाका. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनानेच वेग रोखणारा) असेल तर सुरुवातीपासून चालू. वेग वाढला की ठामपणे दाबून दहा-पंधरा किलोमीटरने खाली आणा, मग पूर्ण सोडा. पाय सतत टेकवून ठेवला की ड्रमला थंड व्हायला उसंत मिळत नाही. न्यूट्रलमध्ये उतरून डिझेल वाचवणारे अजून भेटतात. खालच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडलेला असताना इंजिन डिझेल घेतच नाही.

वास आलाच तर बाजूला सुरक्षित जागी थांबा, ओट लावा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो. तासभर आपोआप थंड होऊ द्या. ऑइलच्या ब्रेकमध्ये पेडल थंड झाल्यावर पूर्ववत होत असेल पण घाटात पुन्हा मऊ पडत असेल, तर ब्रेक ऑइलमध्ये पाणी आहे (प्र. २). एकाच चाकाला वास असेल तर ते चाक जाम आहे, तिथे गिअरचा सल्ला उपयोगाचा नाही. हवेच्या ब्रेकमध्ये घाटाच्या मध्यावर हवेच्या दाबाचा काटा लाल पट्ट्याकडे झुकू लागला तर लगेच थांबा, तळ जवळ असला तरी.

आणि मोटरहोमचं वजन करून घ्या. पाणी, जनरेटर, फर्निचर, सायकली धरून बऱ्याच गाड्या नोंदलेल्या वजनाच्या वर निघतात. वजनकाटा चिरे-वाळूच्या ट्रकांमुळे महामार्गालगत बहुतेक तालुक्यांत असतो.

११. हवेच्या टाकीतून पाणी निघतं. हे नॉर्मल आहे का?

पावसाळ्यात थोडं निघणं ठीक. टाक्यांच्या खालच्या, पाणी सोडायच्या साखळ्या आठवड्याला ओढा, प्रवासात रोज. दर वेळी कपभर पाणी येत असेल तर एअर ड्रायरचं (हवेतली ओल शोषणारं) कार्ट्रिज संपलं आहे. पाण्याबरोबर काळं ऑइल येत असेल तर कॉम्प्रेसर दाखवा.

१२. महामार्गावर काटा मध्यावर, घाट चढताना वर. कूलंट पूर्ण आहे.

आधी रेडिएटरच्या समोरचा इंटरकूलर आणि एसीचा कंडेन्सर बघा. या दोघांच्या मध्ये जांभ्याची लाल धूळ, गवताचं कुसळ आणि चिलटं यांचा गालिचा जमतो, जो पुढून दिसत नाही. टॉर्च मारून आत बघा. मागे इंजिन असलेल्या बसच्या चासीवर तर चाकांनी उडवलेलं सगळं तिथेच जाऊन बसतं. मऊ धारेने आतून बाहेर धुवा. त्यानंतर पंख्याचा क्लच, बेल्ट, थर्मोस्टॅट, याच क्रमाने.

रस्त्यात काटा चढू लागला तर केबिनचा एसी बंद, हीटर पूर्ण, खालचा गिअर. तरी चढतच असेल तर थांबा, गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. कूलंटऐवजी विहिरीचं पाणी ही फक्त गॅरेज गाठण्यापुरती सोय. घाट चढून लगेच चहाला थांबताना इंजिन दोन-तीन मिनिटं जागेवर चालू ठेवा आणि मगच बंद करा, टर्बोचं बेअरिंग वाचतं.

१३. धुराच्या रंगावरून काय समजायचं?

काळा: हवा कमी किंवा डिझेल जास्त. एअर फिल्टर बघा, मग टर्बोचे होज. निळा: ऑइल जळतंय. पांढरा, सकाळी थोडा वेळ आणि मग गायब: काळजी नको. पांढरा, गोडसर वासाचा, थांबतच नाही आणि कूलंट कमी होतंय: हेड गॅस्केट, गाडी चालवू नका. बीएस-६ गाडीतून काळा धूर दिसलाच तर डीपीएफ फुटला आहे किंवा कोणीतरी काढून टाकला आहे.

१४. डीपीएफचा दिवा लागला आणि आम्ही सड्यावर तंबू ठोकून बसलोय. जागेवरच रिजनरेशन (साठलेली काजळी जाळणं) करू का?

सुकं गवत असेल तर अजिबात नको. त्या वेळी सायलेन्सरमधली उष्णता ५००–६०० अंशांच्या घरात जाते. फेब्रुवारी ते मे सड्यावरचं गवत एका ठिणगीला पुरतं, आणि शेजारी आंबा-काजूची कलमं असतात. डांबरावर या, आणि अर्धा तास एकसारख्या वेगाने चालवा. नुसता दिवा असेल तर बहुतेक वेळा तेवढ्याने जातो. दिवा लुकलुकत असेल आणि गाडीची ताकद कमी झाली असेल तर सर्व्हिस सेंटर.

ॲडब्लू म्हणजे धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं ३२.५ टक्के युरियाचं द्रावण. २५ अंशांत ते दीड वर्ष टिकतं, ३५ अंशांत सहाच महिने. गाडीच्या डिकीत दोन उन्हाळे काढलेला कॅन वापरू नका. चुकून डिझेलच्या टाकीत ओतलं गेलं तर चावीसुद्धा ऑन करू नका. तेवढं पाळलं तर टाकी रिकामी करण्यावर भागतं.

१५. सेल्फ मारला की नुसतं टक्-टक्. नवीन बॅटरी घेऊ?

आधी मोजा. गाडी काही तास बंद राहिल्यावर ॲसिडच्या बॅटरीला १२.६ च्या वर: भरलेली. १२.२: निम्मी. १२ च्या खाली: जवळजवळ संपलेली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवं. नसेल तर डायनामो किंवा बेल्ट. १२.६ दाखवून सेल्फला ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी गेली. बॅटरी चांगली, तरी टक्-टक्: प्र. ५ मधलं अर्थिंग.

गाडी उभी असताना बॅटरी उतरते ती गॅस डिटेक्टर, ट्रॅकर, स्टिरिओ, पायरीची मोटर अशा बारीक गळत्यांनी. मेन कट-ऑफ बसवा, किंवा निगेटिव्ह सुटा करा. मात्र बीएस-६ गाडीत चावी बंद केल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून मगच, कारण ॲडब्लूचा पंप लाइन रिकामी करत असतो.

घराची बॅटरी लिथियम असेल तर वरचे व्होल्ट तिला लागू नाहीत. तिचं मॉनिटरच बघा. आणि ती डायनामोला थेट जोडलेली असेल तर मध्ये डीसी-डीसी चार्जर बसवून घ्या. लिथियम मिळेल तेवढा करंट ओढते आणि डायनामो तापून जळतो.

१६. होमस्टेमधून लाइट घेतली की एसी चालत नाही, आणि गाडीच्या दाराला हात लावला की झिणझिण्या येतात.

दुसरं आधी: लगेच प्लग काढा. घराला अर्थिंग नाही किंवा फेज-न्यूट्रल उलटे आहेत, आणि गाडीच्या बॉडीत करंट आलाय. पावसात अनवाणी उतरणाऱ्या माणसाला हा झटका जिवावर बेतू शकतो. गाडीत ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) हवाच, आणि प्लग लावण्याआधी सॉकेट टेस्टर लावून बघायची सवय हवी.

एसीचं कारण बहुधा व्होल्टेज. संध्याकाळी वाडीच्या शेवटच्या घरात १८० च्या खालीही येतं, आणि वर बारीक वायरचं लांब एक्स्टेन्शन असेल तर आणखी पडतं. किमान २.५ चौरस मिलिमीटरची वायर, १६ ॲम्पिअरचं सॉकेट, आणि गुंडाळी पूर्ण सोडलेली. मालकांना आधी विचारा. त्यांचा पंप आणि तुमचा एसी एकदम चालणार नाहीत.

१७. टायरची नक्षी नवी आहे. तरी बदलायचे?

वय बघा. साइडवॉलवर चार आकडे असतात: ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. सहा वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या. कडेला बारीक भेगा दिसल्या तर नक्षी कितीही असो, बदला. स्टेपनीलाही हेच. मागच्या जोडचाकांत जांभ्याचा दगड अडकला आहे का हे खडबडीत वाट संपली की उतरून बघा. चाक काढून बसवलं असेल तर ५० ते १०० किलोमीटरवर नट पुन्हा कसा.

१८. छतातून पाणी येतं, पण कुठून ते सापडत नाही.

डाग दिसतो तिथून येत नसतं. एसीची चौकट, सोलरचे पाय, व्हेंट, कडेच्या पट्टीचे स्क्रू: पाणी यातल्या एकातून शिरून फ्रेमवरून दूर जाऊन टपकतं. कोरड्या दिवशी एक माणूस आत, एक वर नळी घेऊन, आणि खालच्या कडेपासून वर सरकत एकेक जागा भिजवा. सापडल्यावर जुन्या सीलंटवर नवा थापू नका. पूर्ण खरवडा, स्पिरिटने पुसा, मग छताचा पॉलीयुरेथेन सीलंट. सिलिकॉन नको, त्यावर पुढे काहीच चिकटत नाही. अंगठ्याने दाबून भिंत मऊ लागली तर आतलं प्लाय गेलं आहे, नुसत्या सीलंटने भागणार नाही.

१९. टाकीच्या पाण्याला वास येतो.

टाकी भरा, १०० लिटरला १०० मिलिलिटर या प्रमाणात ५ टक्क्यांचं, बिनवासाचं सोडियम हायपोक्लोराइट घाला, सगळे नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, रात्रभर ठेवा, मग दोनदा धुवा. मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या काही विहिरी मचूळ होतात. ते पाणी भरलं तर गिझरची कॉइल लवकर जाते. भरण्याआधी घोटभर चाखा.

२०. गॅसचा डिटेक्टर कुठे बसवायचा?

जमिनीलगत. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. रबरी नळी पाच वर्षांनी बदला, सांधे साबणाच्या पाण्याने तपासा. गाडी चालताना आणि फेरीबोटीवर सिलिंडरचा कॉक बंद. जनरेटरच्या धुरासाठी कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर वेगळा लागतो, झोपायच्या जागेजवळ.

२१. गावातला मिस्त्री की कंपनीचं सर्व्हिस सेंटर?

पाटे, ब्रेक, वेल्डिंग, क्लच, रेडिएटर: गावातला चांगला मिस्त्री. ट्रॉलरची इंजिनं खोलणारा असेल तर डिझेलचं त्याला सांगावं लागत नाही. सेन्सर, डीपीएफ, इंजेक्टर, ॲडब्लू: स्कॅनर ज्याच्याकडे आहे तो. सगळे दिवे एकदम लागले तरी आधी प्र. १५ चं मोजमाप करून घ्या.

२२. रस्त्यावर पाणी आहे, एसटी जाते आहे. आपणही जावं का?

एसटीच्या एअर इनटेकची उंची आणि तुमच्या इनटेकची उंची एक आहे का, हे माहीत असेल तरच. इनटेकमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. २००५ च्या आणि २०२१ च्या जुलैत चिपळुणात पाणी भरलं तसं उभ्या गाडीत भरलं, तर बॅटरी सुटी करा, फोटो काढा, ओढून न्या. इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल सगळ्यांचं ऑइल बदलल्याशिवाय चावी नको. विम्यात इंजिन प्रोटेक्ट आहे का हे मे महिन्यातच बघा, पूर आल्यावर नाही.

२३. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीत मोटरहोम चढतं का?

चढणं हे लांबीपेक्षा मागच्या लटकत्या भागावर अवलंबून आहे. मागच्या चाकांच्या मागे गाडी जितकी लांब, तितकी रॅम्पच्या खोबणीत घासण्याची शक्यता जास्त, आणि सांडपाण्याचा पाइप नेमका तिथेच असतो. ओहोटीच्या तळाला रॅम्पचा उतार तीव्र होतो. मधल्या पाण्याची फेरी धरा. आदल्या दिवशी जेट्टीवर जाऊन वजन, लांबी आणि उंची सांगून विचारा, आणि चढताना एक माणूस मागे उभा करा, जो फक्त पाइपकडे बघेल. वर गेल्यावर गिअरमध्ये, हँडब्रेक, ओट. उतरल्यावर रॅम्पवरच्या खाऱ्या पाण्याचं काय करायचं ते प्र. ५ मध्ये आहे.